ट्रेक कुंडापाशी संपत नाही : गट घेऊन जाणाऱ्यांना खुलं पत्र

गरम पाण्याच्या झऱ्यांवर ट्रेक नेणाऱ्या लीडरांना, आयोजकांना आणि त्यांच्या सोबतच्या स्वयंसेवकांना,

सप्रेम नमस्कार.

गेली १९ वर्षं मी तुमच्यासोबत डोंगर चढते आहे. कधी नाव नोंदवून आलेली सदस्य म्हणून, कधी सगळ्यांच्या मागे राहून रेंगाळणाऱ्यांना पुढे घालणारी मदतनीस म्हणून. तुमच्यापैकी कित्येकांनी निसरड्या कातळावर मला हात दिला आहे, मी थकले तेव्हा माझी सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली आहे. हे पत्र कोणा परक्याची तक्रार नाही, एवढं वाचताना मनात असू द्या.

मला बोलायचं आहे ते एका वाक्याबद्दल. चार-पाच तासांची चाल झालेली असते. शेवटचं वळण येतं, झाडीतून वर जाणारी वाफ दिसायला लागते, पुढची पोरं आरोळी ठोकतात आणि लीडर सॅक खाली ठेवून म्हणतो, "चला, पोहोचलो! आता दोन तास तुमचे."

तोवर त्याच लीडरने प्रत्येक ओढ्यापाशी माणसं मोजलेली असतात. कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाला धाप लागतेय, कोण पाणी कमी पितंय, सगळं त्याच्या ध्यानात असतं. आणि जिथं डोळ्यांत तेल घालून बसायला हवं, नेमका तिथं तो बूट काढून पाय पसरतो. मी हे रागाने लिहीत नाही. तोही माणूस आहे, तोही दमलेला असतो. पण आपण सगळ्यांनी मिळून मनाशी एक हिशेब चुकीचा मांडून ठेवला आहे: चढण अवघड आणि कुंड म्हणजे तिचं बक्षीस. माझ्या मते अर्धी जोखीम त्या बक्षिसातच आहे, माणसांसाठीही आणि झऱ्यासाठीही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आम्ही ४० जण होतो. आमच्यात एक काका होते, साठीच्या अलीकडचे, चालायला एकदम कणखर. अख्खी चढण त्यांनी तरुणांच्या बरोबरीने काढली होती. कुंड दिसल्याबरोबर त्यांनी बूट-मोजे काढले आणि घामेजल्या अंगाने ते थेट गळ्यापर्यंत पाण्यात शिरले. मी दोन हातांवर काठावर पाय सोडून बसले होते. बाहेर बोचरा वारा आणि आत अशी ऊब, उठावंसं कोणाला वाटणार? "ताई, सगळा शीण गेला बघा," असं ते दोनदा म्हणाले. पाऊण तास झाला असेल. त्यांचा चेहरा लालबुंद झालेला मला दिसत होता, पण माणूस सुखावलाय असंच मी समजले. मग पलीकडून कोणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि काका झटकन उभे राहिले. एक क्षण तसेच थांबले. उजवा हात हवेत काहीतरी धरायला गेला, नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकली पण मला पाहत नव्हती, आणि ते बाजूला कोसळले. कपाळ काठाच्या दगडावर आपटलं.

आम्ही तिघींनी त्यांना ओढून बाहेर काढलं, आडवं केलं, एकीने पाय वर उचलून धरले. मी कपाळावर रुमाल दाबून बसले. लीडर शंभरेक पावलांवर ओले मोजे वाळत घालत होता. धावत आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "हे पाण्यात कधी उतरले होते?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही. चाळीस माणसांत एकानेही घड्याळ पाहिलं नव्हतं.

काका दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर आले. कपाळाला टाके पडले, बाकी निभावलं. ते काठाऐवजी पाण्यात कोसळले असते आणि शेजारी कोणी नसतं, तर काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको. लीडरचा प्रश्न अगदी योग्य होता. तो फक्त पाऊण तास उशिरा विचारला गेला.

असं का होतं ते नंतर समजून घेतलं, तेव्हा यात अघटित काहीच नव्हतं हे लक्षात आलं. गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. गळ्यापर्यंत बुडलेलं असताना पाण्याचा दाब पायांतलं आणि पोटातलं रक्त वर ढकलत राहतो, त्यामुळे बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही. तो उभा राहिला की हा बाहेरचा आधार एका क्षणात जातो, रक्त पायांकडे ओढलं जातं आणि मेंदूला कमी पडतं. त्यात चार तास चढून आलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे आधीच गेलेलं असतं. कुंडात बसल्यावरही तो घाम गाळतच असतो, फक्त ओल्या अंगावर तो दिसत नाही. म्हणजे चढून येऊन लगेच गरम पाण्यात उतरणं आणि मग ताडकन उठणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की धडधाकट माणूसही पडू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा त्रास असेल, पोटात दारू असेल तर विचारायलाच नको. गरोदर बाईने तर अशा पाण्यात बुडून बसूच नये.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो आपण करत नाही याचंच वाईट वाटतं. पोहोचल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसायचं. पाणी प्यायचं. अंग निवू द्यायचं. मग उतरायचं, तेही कमरेपर्यंतच. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर. निघताना आधी काठावर बसायचं, पाय पाण्यातच ठेवून मिनिटभर थांबायचं आणि मग उभं राहायचं. आणि काठावर कोरड्या कपड्यांत, हातात घड्याळ घेऊन, एक माणूस सतत बसलेला हवा. पाळीपाळीने बसा, पण ती जागा रिकामी राहू देऊ नका.

दुसरी गोष्ट तापमापीची. तुमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत अंगातला ताप मोजायची काडी असते. पाणी मोजायची तापमापी मी आजवर फक्त एका लीडरच्या सॅकमध्ये पाहिली आहे. बाकी सगळीकडे पद्धत एकच: कोणीतरी वाकतो, बोटं बुडवतो आणि जाहीर करतो, "मस्त आहे, या!" ज्या बाजूला त्याने बोटं बुडवली त्या बाजूला ते मस्त असतं. पण कुंडातलं पाणी सगळीकडे सारखं नसतं. जिथून उमाळा येतो तिथं ते कढत असतं, चार पावलांवर सोसवेल इतकं असतं, आणि ओढ्याचं गार पाणी मिसळतं तिथं कोमट. त्यातही गरम पाणी हलकं, म्हणून वरचा थर आणि तळ यांत फरक असतो. तळाला चीर असेल तर उलटही होतं: वर कोमट आणि पाय टेकवला की चटका. पाऊस कमी झाला, दगड सरकला, भूकंपाचा धक्का बसला, तर मागच्या वर्षीचं कुंड या वर्षी तेच राहत नाही. १९५९ साली अमेरिकेतल्या हेबगेन लेक परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या शेकडो गरम झऱ्यांचं वागणं बदललं होतं.

आकडे लक्षात ठेवायला अवघड नाहीत. बुडून बसायचं तर ४० अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा धरा. ४९ अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत कातडी भाजते. ६० अंशांला पाच सेकंद पुरतात, आणि ते भाजणं वरवरचं नसतं. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहूनही कमी वेळ लागतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांचा तर मी वेगळा उल्लेख करते. त्यांना चटका कळतच नाही. फोड आलेला कळतो तो परतीच्या वाटेवर मोजा काढल्यावर. म्हणून नाव नोंदवतानाच हा प्रश्न विचारा, आणि अशा माणसाला तापमापीनं खात्री केल्याशिवाय पाय बुडवू देऊ नका.

बोट बुडवून पाहायच्या सवयीबद्दल आणखी एक घटना सांगायलाच हवी. जून २०१६ मध्ये यलोस्टोनच्या नॉरिस भागात एक तरुण आणि त्याची बहीण लाकडी पायवाट सोडून आत गेले. अंघोळीजोगं कुंड शोधत होते. पाणी किती गरम आहे ते पाहायला तो वाकला, पाय घसरला आणि तो आत पडला. पाणी उकळतं आणि आम्लधर्मी होतं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढायला काही उरलं नव्हतं. यलोस्टोनच्या इतिहासात अस्वलांनी मारलेल्या माणसांपेक्षा गरम पाण्यात मेलेली माणसं कितीतरी जास्त आहेत. अशा ठिकाणी काठ दिसतो तेवढा भक्कम नसतो; खनिजांचा पातळ पापुद्रा आणि खाली पाणी, असंही असतं. म्हणून तापमापीला दोरी बांधा. जिथं लोकांचा रोजचा वावर आहे, जिथं उतरायला परवानगी आहे, तेवढ्याच कुंडात उतरा. 'पलीकडे एक अजून छान कुंड आहे, गर्दी नसते तिथं,' असं कोणी म्हणालं तर तुम्हीच ठामपणे नाही म्हणा. सदस्य तुमच्या शब्दाबाहेर जात नाहीत, हे मी १९ वर्षं पाहते आहे.

डोकं बुडवण्याबद्दलही असाच ठाम नियम हवा. कोमट ते गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा असू शकतो. ४६ अंशांपर्यंतच्या उष्णतेत तो सुखाने वाढतो. तोंडावाटे पोटात गेला तर त्याने आजार होत नाही. नाकात पाणी शिरलं तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाला तर जवळजवळ सगळे रुग्ण दगावतात. इंग्लंडमधल्या बाथ गावात रोमनांच्या काळापासून लोक गरम झऱ्याच्या पाण्यात अंघोळ करत आले. १९७८ साली तिथं पोहलेली एक मुलगी या आजाराने गेली आणि त्या पाण्यात उतरणं बंद झालं. नव्या विंधनविहिरी आणि पाण्यावरच्या प्रक्रियेसह नवं स्नानगृह उघडायला २००६ उजाडलं. तेव्हा सूर मारणं, बुड्या मारणं, एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवणं, तळाचा गाळ ढवळणं हे सगळं बंद. नाक पाण्याच्या वर. मुलांना हे आवडणार नाही, माहीत आहे मला. ते पाणी पिऊही नका. जमिनीच्या पोटातून येताना ते आर्सेनिक आणि फ्लोराइडसारखी द्रव्यं विरघळवून आणू शकतं.

वासाबद्दल थोडक्यात. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे खोलगट जागी साचतो. आणि प्रमाण वाढलं की नाकाची तो ओळखायची शक्तीच जाते. वास कमी झाला म्हणजे धोका गेला असं मानू नका. डिसेंबर २००५ मध्ये जपानच्या अकिता भागात एका गरम झऱ्याजवळ, बर्फातल्या खोलगट खड्ड्यात साचलेल्या या वायूने एका कुटुंबातल्या चौघांचा जीव गेला. वारा नसलेल्या दिवशी घळीत, गुहेत, खड्ड्यात गट बसवू नका. डोकं दुखायला लागलं, डोळे चुरचुरले की सगळ्यांना वरच्या बाजूला, मोकळ्यावर न्या.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले, ते. माणसांची काळजी घ्यायला कोणीतरी येतं, आरडाओरडा झाला की दहा हात पुढे होतात. झऱ्यासाठी कोणी ओरडत नाही.

मी नेहमी जाते त्या एका झऱ्यावर कुंडातून पाणी बाहेर पडतं तिथं उतरता कातळ आहे. त्यावरून पाणी पातळ थराने वाहतं आणि कातळावर एक मखमली साय धरलेली असते. उमाळ्याजवळ ती पिवळट, पुढे केशरी, आणखी पुढे तपकिरी-हिरवी. पालथं झोपून नाक जवळ नेऊन पाहिलं की तिच्यात बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढे. एखादा सुटतो, वर येतो, फुटतो. त्या सायीतले जीव उन्हावर जगतात आणि प्राणवायू सोडतात. रंग बदलतो तो पाणी निवत जातं तसा, प्रत्येक पट्टा आपापल्या उष्णतेला जगणाऱ्या जिवांचा. साधारण ७३ अंशांच्या वर प्रकाशावर जगणारं काही टिकत नाही. म्हणूनच सर्वांत तापलेलं पाणी बहुधा निळं, निवळशंख आणि मोहात पाडणारं असतं.

एकदा आमच्याच गटातल्या पाच-सहा मुलांनी त्या कातळाची घसरगुंडी केली. साय बुळबुळीत, मजा येणारच. अर्ध्या तासात मधला पट्टा खरवडून पांढरा झाला आणि सोललेले केशरी तुकडे खालच्या ओढ्यात तरंगत गेले. मी बोलले, तर एक जण म्हणाला, "काकू, शेवाळंच तर आहे." पुढच्या वर्षी गेले तेव्हाही तो पट्टा कातळावर ओळखू येत होता. त्या मुलाला मी तेव्हा जे सांगू शकले नाही ते तुम्हाला सांगते. यलोस्टोनच्या गरम पाण्यातून थॉमस ब्रॉक यांनी १९६६ मध्ये एक जीवाणू मिळवला, थर्मस ॲक्वॅटिकस. उष्णतेत न मोडणारं त्याचं एक विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या तंत्राचा कणा बनलं. त्या तंत्रासाठी कॅरी मुलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं. कोविडच्या दिवसांत आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून जी चाचणी करून घेतली, ती त्याच तंत्रावरची. म्हणजे जे शेवाळ म्हणून आपण टाचेनं खरवडतो, त्याच्या भाऊबंदांनी अख्ख्या जगाचं निदान केलं आहे.

आणि पाण्याचंही तसंच. पावसाचं पाणी भेगांमधून खाली जातं, जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते, तापलेलं पाणी एखादी चीर धरून वर येतं. काही ठिकाणी खाली शिलारसाची धग असते, पण ती हवीच असं नाही. खोली पुरेशी असली तरी भागतं. या प्रवासाला किती काळ लागतो याचा विचार करा. बाथच्या झऱ्यातून रोज अकरा लाख लिटरांहून जास्त पाणी ४६ अंशांच्या आसपास वर येतं, आणि ते हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं असावं असं मानतात. इतक्या लांबून आलेल्या पाण्यात आपण घामेजलं अंग, सनस्क्रीन, केसांचं तेल आणि डासांसाठी चोपडलेलं मलम सोडतो.

साबण आणि शाम्पूबद्दल मी फार आग्रही आहे. 'माझा साबण नैसर्गिक आहे, विघटन होतं त्याचं,' हे उत्तर मला दर वेळी मिळतं. विघटन होतं ते मातीत, मातीतल्या जीवाणूंमुळे. वाहत्या पाण्यात तो फेसासकट खालच्या ओढ्यात जातो, जिथं मासे आणि बेडूक असतात. कुंडात उतरायच्या आधी अंग धुवायचं, आणि तेही पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे ७० एक पावलं दूर, बाटलीभर साध्या पाण्याने आणि ओल्या फडक्याने. जपानमध्ये ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानकुंडात उतरण्याआधी प्रत्येक जण बाजूला बसून स्वच्छ अंघोळ करतो, मग पाण्यात शिरतो. पाणी अंग स्वच्छ करायला नाही, स्वच्छ अंगाने बसायला आहे, ही समज एकदा गटात रुजली की पुढचं सोपं जातं. (चांदीची साखळी, अंगठी काढून ठेवायलाही सांगा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. आमच्या एका मैत्रिणीची साखळी दहा मिनिटांत कोळशासारखी झाली आणि बिचारी परतीची सगळी वाट तीच चोळत होती.)

नाणी टाकणं, दगड रचून नवे बांध घालणं, हेही थांबवा. यलोस्टोनमध्ये मॉर्निंग ग्लोरी नावाचं गडद निळं कुंड होतं. लोकांनी इतकी नाणी आणि कचरा टाकला की उमाळ्याचं तोंड अंशतः बुजलं, पाणी निवलं, आणि कडेचे पिवळे-केशरी जीव आतवर पसरले. ते निळं कुंड आता तसं उरलेलं नाही. हे कोणा एका दुष्ट माणसाने केलं नाही. प्रत्येकाने एकच नाणं टाकलं होतं.

म्हणूनच गटाच्या आकाराविषयी बोलायला हवं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये कॉनन्ड्रम हॉट स्प्रिंग्ज हे ठिकाण आहे. उंची ३,४०० मीटरच्या आसपास, एका बाजूची चाल साडेतेरा किलोमीटरची. इतकं लांब, इतकं उंच, म्हणजे आपोआप राखलं जाईल असं वाटतं ना? तिथं इतके लोक मुक्कामाला येऊ लागले की पाण्याभोवती कचरा आणि मानवी विष्ठेचा प्रश्न हाताबाहेर गेला. २०१८ पासून मुक्कामासाठी परवाना घ्यावा लागतो. तुर्कस्तानातल्या पामुक्कालेत गरम झऱ्याच्या पाण्यातल्या चुन्याने बनलेल्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांवर माथ्याशीच हॉटेलं उभी राहिली आणि झऱ्याचं पाणी त्यांच्या तलावांकडे वळलं. १९८८ मध्ये त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पुढे ती हॉटेलं पाडावी लागली, आणि आज जिथं चालू देतात तिथं पादत्राणं काढूनच चालावं लागतं. दोन्हीकडे लोक प्रेमानेच आले होते.

चाळीस माणसं ज्या कुंडात एका वेळी उतरतात, त्या कुंडात ती नीट बसतही नाहीत. काठ तुटतो, गाळ ढवळतो, लीडरला कोण कुठे आहे ते दिसत नाही. मला वाटतं, गट १२-१५ जणांचा असावा आणि पाण्यात एका वेळी त्यातले निम्मेच. उरलेल्यांनी तोवर बसावं, पाणी प्यावं, ती साय पाहावी. तुमचं आर्थिक गणित यानं बिघडेल हे मला कळतं. मग त्याचा भार आमच्यावर टाका. दोन जास्तीच्या बॅचसाठी जास्त पैसे मोजायला माझ्यासारखे पुष्कळ जण तयार आहेत, विचारून तर बघा. शौचाची जागाही तुम्हीच आधी ठरवून दाखवा: पाण्यापासून आणि वाटेपासून ७० पावलं लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, आणि कागद परत पिशवीत. 'ज्याने त्याने बघावं' असं सोडून दिलं की लोक कुंडामागच्या पहिल्या दगडाआडच जातात.

बायकांच्या वतीने एक गोष्ट, जी आम्ही ट्रेकवर कधीच मोकळेपणाने बोलत नाही. कुंडापाशी पोहोचल्यावर पुरुष पाच मिनिटांत पाण्यात असतात. आम्ही काठावर सॅका राखत बसतो, कारण कपडे बदलायला आडोसा नसतो आणि समोर दहा मोबाइल वर धरलेले असतात. मी अशा किती जणी पाहिल्यात ज्या पाच तास चालून आल्या आणि नुसते पाय भिजवून परतल्या. आइसलंडच्या रेक्यादालुर दरीत तीन किलोमीटर चालून गेल्यावर ओढाच गरम लागतो. तिथं काठाला लाकडी फळ्यांची पायवाट आहे आणि कपडे बदलायला साधे लाकडी आडोसे. छप्पर नाही, दार नाही, पण पाठ फिरवून उभं राहता येतं. आपल्याला तर तेवढंही नको. एक जाड चादर, दोन काठ्या आणि दोरी पुरते. वेळ वाटून द्या: पहिली पाळी बायकांची. आणि पाण्यात कोणी असताना फोन सॅकच्या आत, हे लीडरने मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायचं. एखाद्या मुलीला ते स्वतः सांगायला लागू नये.

त्याच रेक्यादालुरची वाट २०१८ च्या वसंतात काही आठवडे बंद ठेवली होती, बर्फ वितळून झालेल्या चिखलात लोक वाट सोडून कडेच्या गवतावरून चालायला लागले म्हणून. बंद ठेवण्याचं धाडस तुम्हीही करा. पोहोचल्यावर पाणी ४५ अंश निघालं, दुसरा मोठा गट आधीच आत असला, वायूचा वास नेहमीपेक्षा उग्र असला, तर 'आज उतरायचं नाही' असं म्हणायचा अधिकार तुमच्याकडेच आहे. लोक हिरमुसतील, कुरकुरतील. एवढं चालून आलो आणि कोरडेच परत जायचं का, असं विचारतील. तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला मागून मी असेन.

पुढच्या हंगामाची सूचनापत्रकं तुम्ही आता लिहायला घ्याल. त्यात बूट, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, जास्तीचे मोजे, सगळ्याची यादी असते आणि वाटेच्या प्रत्येक टप्प्याचं वर्णन असतं. कुंडाच्या पुढे मात्र दर वर्षी एकच शब्द असतो: 'विश्रांती'. या वेळी त्या जागी चार ओळी लिहा. यादीत दोरी बांधलेली तापमापी आणि एक चादर घाला. ते पत्रक हातात आलं की मी त्याच दिवशी नाव नोंदवीन. काठावर घड्याळ घेऊन बसायची पहिली पाळी माझ्या नावावर लिहून ठेवा.

आपली,
मागून चालणारी एक सहकारी